कोळीवाड्याची स्वच्छता

मुंबईच्या कोळ्यांवर अस्वच्छतेचा पहिला मोठा आरोप झाला तो माशांच्या खतावरून. १६६८ सालीं मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हातीं आलें, त्या वेळीं बेटावर माडांच्या वाड्या दाट होत्या आणि माडांच्या आळ्यांत बारीक मासळीचें खत घालण्याची जुनी वहिवाट होती. इंग्रजांच्या कागदपत्रांत या खताला 'बकशॉ' असें नांव आढळतें. बाजारांत न खपणारी बारीकसारीक मासळी मुळाशीं पुरली कीं माड चांगला धरतो, हा कोंकणांतील बागाइतदाराचा अनुभव. नव्यानें आलेल्या गोऱ्या लोकांना मात्र त्या वासांत मरण दिसूं लागलें. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत येथें येऊन गेलेला डॉक्टर फ्रायर यानें बेटाच्या रोगट हवेच्या कारणांत या पुरलेल्या मासळीची गणना केली आहे. इंग्रज माणसानें मुंबईंत दोन पावसाळे काढले तर पुष्कळ झालें, अशा अर्थाची म्हणच त्या काळीं रूढ होती. पुढें या खतावर बंदीचे हुकूमहि निघाले.

या आरोपाचा निकाल लागण्यास दोनशें वर्षें जावीं लागलीं. मुंबईंत जे ज्वर माणसें नेत होते त्यांतील पुष्कळसे हिंवतापाचे होते, आणि हिंवतापाचें मूळ होतें दलदलींत. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधील खिंडारांतून भरतीचें पाणी बेटांच्या मधोमध शिरे, ओहोटीबरोबर सगळें बाहेर पडत नसे, आणि मागें राहिलेल्या डबक्यांवर डांस वाढत. हें खिंडार गव्हर्नर हॉर्नबी याच्या बांधानें बुजलें तें १७८४ च्या सुमारास. डांस आणि हिंवताप यांचा संबंध रोनाल्ड रॉस यानें सिकंदराबाद येथें सिद्ध केला तो तर १८९७ सालीं. तोंवर वैद्यांचें आणि अधिकाऱ्यांचें मत असें कीं, दुर्गंधी हेंच रोगाचें बीज. आणि दुर्गंधी म्हटली कीं बोट वळे तें कोळीवाड्याकडे. पुढें शास्त्र बदललें. नाक मात्र बदललें नाहीं.

ज्यांच्याकडे हें बोट वळत असे ते लोक या बेटांचे सर्वांत जुने रहिवासी होत. मुंबादेवी ही त्यांची देवी, आणि शहराचें नांव तिच्यावरून पडलें. कुलाबा या नांवांतहि कोळ्यांची आठवण आहे असें मानतात. कुलाबा, मांडवी, माझगांव, वरळी, माहीम, धारावी, शीव या ठिकाणीं त्यांच्या वस्त्या गोद्या आणि गिरण्या यांच्या कितीतरी आधींपासून होत्या.

कोळीवाड्याची रचना ध्यानांत घेतल्याखेरीज त्याच्या स्वच्छतेचा प्रश्न उलगडत नाहीं. घरें एकमेकांना खेटलेलीं; बोळ इतके अरुंद कीं दोन माणसें समोरासमोर आलीं तर एकानें अंग चोरावें. या दाटीच्या उलट समुद्राकडची बाजू मोकळी. ही मोकळी जागा मात्र रिकामी नसते. तेथें होड्या ओढून ठेवायच्या, त्यांची डागडुजी करायची, जाळीं विणायचीं व तुणायचीं, बांबूच्या वलांड्या उभारून त्यांवर बोंबील टांगायचे, जवळा आणि करंदी उन्हांत पसरायची. पावसाळ्यांत होड्या किनाऱ्याला लागल्या म्हणजे घरच्या चुलीला आणि बाजारच्या पाटीला आधार असतो तो या वाळलेल्या मासळीचा. शेतकऱ्याला जसें खळें तसा कोळ्याला किनारा. शहरवासीयाला मात्र किनारा म्हणजे सायंकाळीं पाय मोकळे करण्याची जागा. तेथें वाळत घातलेले बोंबील आणि पसरलेलीं जाळीं त्याच्या डोळ्यांना केराबरोबरचीच वाटतात. एकाच वाळूकडे पाहण्याच्या या दोन दृष्टि पुढच्या साऱ्या इतिहासांत एकमेकींवर आदळत आल्या आहेत.

धारावीचें उदाहरण यांत विशेष बोलकें आहे. १९०९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मुंबई शहराच्या गॅझेटियरांत धारावीचा उल्लेख मुंबईंतील सहा मोठ्या कोळीवाड्यांपैकीं एक असा येतो. पण त्या वेळेपर्यंत तेथील मासेमारीला उतरती कळा लागून बराच काळ लोटला होता. १८०३ सालीं शीवचा बांध झाला. १८४५ सालीं जमशेटजी जिजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांच्या देणगींतून माहीम आणि वांद्रें यांना जोडणारा रस्ता झाला. प्रवाशांची सोय झाली, गाड्या धावूं लागल्या; खाडीचें पाणी मात्र पूर्वींसारखें खेळतें राहिलें नाहीं. गाळ साचला, आणि खाडीवर जगणारें गांव हळूहळू खाडीला मुकलें. १८८७ च्या सुमारास कातडीं कमावण्याचा धंदा धारावींत आला, कारण शहराला तो आपल्या अंगणांत नको होता. पुढें धारावीच्या घाणीविषयीं जे लेख आणि अहवाल निघाले, त्यांत हा क्रम बहुधा आढळत नाहीं. आधीं पाणी गेलें, मग धंदा गेला, मग दुसऱ्यांची घाण येऊन पडली, आणि सर्वांत शेवटीं वस्ती गलिच्छ ठरली.

शहराच्या गटारांचा इतिहासहि याच वळणानें गेला. १८६० सालीं विहार तलावाचें पाणी नळांनीं मुंबईंत आलें. ही गोष्ट मोठीच झाली. पण वापरलेलें पाणी जावें कोठें, याची व्यवस्था त्या मानानें झाली नाहीं. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि माणसांचा लोंढा मुंबईकडे लागला होता. १८६४ च्या शिरगणतींत शहराची वस्ती ८,१६,५६२ भरली. त्याच सालीं डॉक्टर लीथ यानें शहराच्या आरोग्याविषयीं सरकारला अहवाल दिला. पुढच्या वर्षीं आर्थर क्रॉफर्ड हा म्युनिसिपल कमिशनर झाला. मैलापाणी कोणीकडून काढावें यावर इंजिनियरांचे वाद कित्येक वर्षें चालले, आणि अखेर तें वरळीच्या बाजूला नेऊन, लव्ह ग्रोव्ह येथें पंपानें उचलून समुद्रांत सोडण्याचें ठरलें. त्याच किनाऱ्यावर थोडें उत्तरेस, इंग्रजांनीं बांधलेल्या किल्ल्याच्या पायथ्याशीं, वरळीचा कोळीवाडा आहे. नकाशावर जेथें जमीन संपते तेथें शहराचें कर्तव्यहि संपतें, अशी त्या काळच्या योजकांची समजूत असावी. समुद्रांत टाकलेली वस्तु भरतीबरोबर परत येते, हें कोणत्याहि तांडेलानें त्यांना सांगितलें असतें. त्याला विचारावें असें कोणाला वाटलें नाहीं.

मग सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवीच्या वस्तींत ग्रंथिक सन्निपात आढळला. डॉक्टर अकाशियो व्हिएगस यांनीं रोग ओळखला, आणि अस्वच्छतेचा प्रश्न एका रात्रींत जीवनमरणाचा झाला. त्यानंतरच्या कांहीं वर्षांत गरिबांच्या मोहल्ल्यांतून जी सफाई झाली तिचें वर्णन आजहि अंगावर कांटा आणतें. घरांत शिरून झडत्या झाल्या. गटारांत आणि भिंतींवर कार्बोलिकचे आणि चुन्याचे फवारे उडाले. उजेड यावा म्हणून छपरें फोडलीं. जीं घरें राहण्यास अयोग्य वाटलीं त्यांवर तीन इंग्रजी अक्षरें रंगवून तीं रिकामीं करविलीं. रोग्यांना माणसांतून उचलून नेलें. यांतलें कांहीं आवश्यक होतें, हें नाकारतां येणार नाहीं. पण ज्यांची घरें साफ होत होतीं त्यांना विश्वासांत घेण्याचा विचार फार उशिरां सुचला. लोक शहर सोडून पळाले. १८९१ सालीं ८,२१,७६४ असलेली वस्ती १९०१ मध्यें ७,७६,००६ वर आली. १८९८ सालीं स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनें रुंद रस्ते काढले, हवा खेळती केली. परंतु जितक्यांचीं घरें पाडलीं तितक्यांना घरें देणें त्याला साधलें नाहीं. सफाई म्हणजे सरकारी माणूस दारांत येणें आणि आपलें कांहींतरी घेऊन जाणें, हा अर्थ जुन्या वस्त्यांच्या मनावर तेव्हां कोरला गेला. तो पुसून टाकणें वाळू साफ करण्याहून कठीण होतें, याचा प्रत्यय पुढें शंभरांहून अधिक वर्षांनीं वेसाव्यास आला.

वेसावें हें मुंबई बेटावरचें गांव नव्हे; तें साष्टींतलें. तेथल्या खाडीच्या तोंडाशीं पोर्तुगीजांचा किल्ला होता. १७३९ मध्यें चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेंत हा प्रदेश मराठ्यांकडे आला, आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं साष्टी घेतली तेव्हां त्यांच्याकडे गेला. राज्यें बदललीं तरी गांवचा कारभार गांवाच्याच हातीं राहिला. गल्लीगल्लीची माणसें, जमातीचे पंच, नारळी पौर्णिमा आणि शिमगा यांच्या वर्गण्या, होड्यांच्या जागा, सारें ठरीव. १९५० सालीं अंधेरीच्या बाजूचीं उपनगरें बृहन्मुंबईंत आलीं आणि वेसावें शहराचा भाग झालें. यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत भोंवतालच्या खाजणांवर भराव पडले, तिवरांची रानें तोडलीं गेलीं, आणि मजल्यांवर मजले चढले. गांव तेंच राहिलें. त्याच्या पाठीशीं एक नगर उभें राहिलें आणि त्या नगराचें सांडपाणी मालाडच्या खाडीवाटे वेसाव्याच्या तोंडाशीं उतरूं लागलें.

त्यांतच प्लॅस्टिक आलें. कोळीवाड्याची जुनी घाण कुजणारी होती. माशांचीं डोकीं, खवलें, सालपटें, यांचा समाचार कावळे, कुत्रीं आणि भरती घेत असत. प्लॅस्टिक कुजत नाहीं, आणि त्याचा पहिला फटका बसला तो डोलीला. डोल हें पिशवीच्या आकाराचें मोठें जाळें. तें खुंटांना किंवा नांगरांना बांधून प्रवाहाच्या तोंडाशीं धरावयाचें; भरतीओहोटीचें पाणी त्यांतून वाहतें आणि पाण्याबरोबर येणारे बोंबील, करंदी, जवळा शेपटाच्या बारीक विणींत अडकतात. कोळी येथें मासळीच्या मागें धावत नाहीं. पाणी जें आणील तें तो घेतो. म्हणून ज्या दिवशीं ओहोटी शहराच्या नाल्यांतून पिशव्या आणि चिंध्या घेऊन निघाली, त्या दिवसापासून डोलींत त्याच येऊं लागल्या. जाळें जड होतें, फाटतें, आणि मासळी वेगळी काढण्यांत वेळ जातो तो निराळाच. तेव्हां कोळीवाड्याच्या अस्वच्छतेचा सर्वांत मोठा तोटा होतो तो कोळ्यालाच. गांवांतील कचराहि त्यांत पडत होता, ही गोष्ट मात्र लपविण्यासारखी नाहीं. कचऱ्याची गाडी अरुंद बोळांत शिरत नाहीं, शौचकूप पुरेसे नाहींत, आणि समोर समुद्र आहे; तेव्हां समुद्रांतच टाकण्याची संवय अनेक कोळीवाड्यांना लागली.

२६ जुलै २००५ या दिवशीं सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि अर्धी मुंबई पाण्याखालीं गेली. नाले तुंबण्याच्या कारणांत प्लॅस्टिकच्या पिशव्यांचें नांव पुढें आलें. शहरानें जें समुद्राला दिलें होतें तें त्या दिवशीं शहराच्याच घरांत परत आलें. तरीहि किनाऱ्याकडे लक्ष जाण्यास आणखी दहा वर्षें लागलीं.

ऑक्टोबर २०१५ मध्यें अफरोज शाह नांवाच्या एका तरुण वकिलांनीं वेसाव्याच्या किनाऱ्यावरचा कचरा हातानें उचलावयास आरंभ केला. ते जवळच्या इमारतींत नव्यानें राहावयास आले होते. त्यांच्याबरोबर होते ८४ वर्षांचे एक शेजारी. दुसरें कोणी नव्हतें. कांहीं ठिकाणीं प्लॅस्टिकचा थर साडेपांच फूट चढला होता, असें शाह यांनीं सांगितलें आहे. वरवरचें उचलून भागत नव्हतें, कारण वर्षानुवर्षांच्या पिशव्या वाळूंत गाडल्या गेल्या होत्या. एक ओढावी तर तिच्याबरोबर वाळूचा गोळाच यावा. शनिवार-रविवार हें काम चालू लागलें. आधीं शेजारचे आले, मग शाळा-कॉलेजांतील मुलें, मग दुसऱ्या उपनगरांतील माणसें, आणि पुढें पुढें यंत्रेंहि. पहिल्या वर्षांत अडीच किलोमीटरांच्या किनाऱ्यावरून ४,००० टनांहून अधिक कचरा निघाला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेनें शाह यांना २०१६ चा आपला 'पृथ्वीचे कैवारी' हा सन्मान दिला, आणि मे २०१७ मध्यें पंतप्रधानांनीं आकाशवाणीवरील आपल्या भाषणांत या कामाचा उल्लेख केला.

एवढें सर्वांनीं वृत्तपत्रांतून वाचलें असेल. या कामाचा अधिक विचार करण्यासारखा भाग निराळा आहे. किनाऱ्यालगतच्या गरीब वस्तींत जाऊन 'तुम्ही घाण करूं नका' असें सांगणें सोपें होतें, आणि तसें सांगणारे याआधीं पुष्कळ येऊन गेले होते. शाह आणि त्यांचे सोबती यांनीं तेथील ५२ सार्वजनिक शौचकूप स्वतः साफ केले. उपदेशाला न उघडणारीं दारें या कामानें उघडलीं. घरांच्या झडत्या घेणाऱ्या पथकांची आठवण ज्या शहराच्या हाडांत मुरली आहे, त्या शहरांत बाहेरून आलेला माणूस काठी आणि हुकूम न घेता झाडू घेऊन येतो, ही गोष्ट लहान नव्हती. कोळी या कामांत आले ते हळूहळूच. आपल्या किनाऱ्यावर रोज उठून आपली आणि दुसऱ्यांची घाण पाहणाऱ्या माणसानें चार रविवारच्या उत्साहावर चटकन विश्वास ठेवावा, ही अपेक्षाहि अन्यायाची झाली असती. किनाऱ्यावर माडाचीं ५० रोपें लागलीं. ज्या माडांच्या मुळाशीं मासळी पुरली म्हणून एके काळीं कोळ्यांना दोष मिळाला, ते माड अशा रीतीनें स्वच्छतेच्या कामांतच परत आले. इतिहासाला असला विनोद अधूनमधून सुचतो.

अडचणी आल्याच. गोळा केलेला कचरा किनाऱ्यावरून वेळेवर हलला नाहीं तर पुढच्या उधाणांत तो पुन्हां समुद्रांत जातो आणि सगळें श्रम वायां जातात. कामाला १०९ आठवडे झाले असतां, नोव्हेंबर २०१७ मध्यें, शाह यांनीं तें थांबविल्याचें जाहीर केलें. कचरा उचलला जात नाहीं आणि स्वयंसेवकांना गुंडांचा उपद्रव होतो, हीं कारणें त्यांनीं दिलीं. थोड्याच दिवसांत आश्वासनें मिळालीं आणि काम पुन्हां सुरू झालें. लोकांच्या हौसेनें चाललेलें काम किती दूर जाऊं शकतें आणि कोठें अडतें, हें या प्रसंगानें स्पष्ट दिसलें. हात कितीहि असले तरी कचरा नेणारी गाडी म्युनिसिपालिटीची असते, आणि कचरा टाकण्याची जागाहि तिचीच.

मार्च २०१८ मध्यें वेसाव्याच्या वाळूंतून ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांचीं पिल्लें बाहेर आलीं. निदान ८० पिल्लें पाण्यापर्यंत पोंचलीं. असें दृश्य त्या किनाऱ्यावर सुमारें वीस वर्षांत कोणीं पाहिलें नव्हतें. कासवीण अंडीं घालते ती वाळू मोकरून. प्लॅस्टिकच्या थरांत तिला खळगा करतां येत नाहीं. यापुढचें अधिक पुराव्याचें प्रमाणपत्र कोणत्या समितीला देतां आलें नसतें. त्याच महिन्यांत महाराष्ट्र सरकारनें प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी जाहीर केली, आणि त्याच वर्षीं जुलैच्या उधाणानें मरीन ड्राइव्हवर कचऱ्याचा सडा घातला. शाह यांनीं पुढें मिठी नदीकडे मोर्चा वळविला, तो याच हिशेबानें. किनारा कितीदांहि झाडला तरी वरून येणारें पाणी थांबत नाहीं, हें एव्हांना त्यांना कळून चुकलें होतें.

मार्च २०२० च्या अखेरीस कोरोनाच्या साथींत वरळीचा कोळीवाडा बंद करण्यांत आला, तेव्हां मांडवीच्या जुन्या दिवसांची आठवण अनेकांना झाली असेल. एकमेकांना खेटलेलीं घरें आणि सामायिक शौचकूप, हीं कारणें पुन्हां पुढें आलीं. घरें मोठीं करावीं किंवा नवीं बांधावीं तर १९९१ पासून किनारपट्टीचे नियम आड येत होते. २०११ च्या नियमांत मुंबईच्या कोळीवाड्यांचा वेगळा विचार झाला खरा, पण गांवाच्या हद्दी आखून मिळाव्यात ही कोळ्यांची मागणी त्यानंतरहि चालूच राहिली. हद्द नसली कीं शतकांपूर्वींचें गांवठाण आणि कालची झोपडपट्टी सरकारी कागदावर सारखींच दिसतात. आणि झोपडपट्टी ठरलेल्या गांवाला स्वच्छतेच्या नांवाखालीं हलविणें सोपें जातें. माहीम, वरळी, खारदांडा, शीव येथील जुनीं माणसें साफसफाईच्या प्रत्येक नव्या योजनेकडे संशयानें पाहतात, त्याचें कारण हें आहे. झाडूचा त्यांना राग नाहीं. झाडूमागून मोजणीची साखळी येते कीं काय, हें पाहण्याची त्यांना संवय लागली आहे.

शहराचें मैलापाणी शुद्ध करून मगच समुद्रांत सोडावें, यासाठीं मुंबईंत सात नव्या केंद्रांची पायाभरणी १९ जानेवारी २०२३ रोजीं झाली. त्यांची एकंदर शक्ति दररोज २४६ कोटी लिटरांहून अधिक पाण्याची ठरविण्यांत आली. त्या सात ठिकाणांच्या यादींत मालाड, भांडुप, घाटकोपर आणि वांद्रें यांच्याबरोबर वरळी, धारावी आणि वेसावें हीं तीन नांवें आहेत.